वर देव आहे म्हणतात, मग चढायचं का?

पत्र : आम्ही सातजण आहोत. पाच मुलगे, दोन मुली, सगळे ऐरोली, कळवा, घोडबंदर भागातले. मुंब्र्याच्या कातळांवर नियमित सराव करतो. मुरबाडच्या आत एक सुळका हेरलाय, उंची अंदाजे 200 फूट. पायथ्याला शेंदूर फासलेला दगड आणि जवळच ठाकरवाडी आहे. पाहणीला गेलो तेव्हा एक म्हातारे बाबा म्हणाले, "वर देव आहे, वर कोणी जात नाही." त्याच वाडीतला एक तरुण म्हणाला, "दोन हजार द्या, मी बघतो. फक्त पोरींना खाली ठेवा." आमच्यात तीन मतं पडली आहेत. पहिलं, कायद्याने बंदी नाही, तर चढावं. दुसरं, उजाडायच्या आत चढून उतरावं, कोणाला दुखवायला नको. तिसरं, कांचनजंगावर करतात तसं माथ्याच्या पाच फूट खाली थांबावं. सुळक्यावर निम्म्या उंचीवर एक गंजलेली मेख दिसते, म्हणजे आधी कोणीतरी चढलेलं आहे. येत्या रविवारी जायचं ठरलंय. पुढेमागे कांचनजंगा करण्याचंही माझं स्वप्न आहे. काय करावं?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : तुम्ही पत्रात सुळक्याचं आणि वाडीचं नाव लिहिलं होतं, ते आम्ही छापलेलं नाही. छापलं असतं तर पुढच्याच शनिवारी तिथे गाड्यांची रांग लागली असती आणि वाडीला काय वाटतं हे विचारण्यात काही अर्थ उरला नसता.

रविवारी जा, पण दोर, हार्नेस, ड्रिल घरी ठेवून जा. सातजणांचा घोळका नको. तिघे जा, त्यात एक मुलगी असू द्या. दुपारी तीननंतर पोहोचा, कारण सकाळी माणसं रानात किंवा कामावर असतात. त्या दिवशी चढाई करायची नाही, विचारायला जायचं आहे. कसं विचारायचं ते पुढे सांगतो. त्याआधी तुमच्या गटातली तीन मतं बघू. सह्याद्रीत जवळजवळ प्रत्येक गटात ही मतं ऐकू येतात आणि तिन्हींत कुठे ना कुठे पाणी मुरतंय.

"कायद्याने बंदी नाही" हे तुम्ही तपासलंय की गृहीत धरलंय? मुरबाडचा डोंगराळ भाग बराचसा वनखात्याकडे आहे आणि भीमाशंकर अभयारण्याची हद्द ठाणे जिल्ह्यातही येते. सुळका अभयारण्याच्या हद्दीत असेल तर वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या कलम 27 प्रमाणे परवानगीशिवाय आत पाऊल ठेवता येत नाही, चढाई तर दूरच. हद्दीबाहेर पण राखीव वनात असेल तरी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करा. त्यात माणसं किती, तारीख कोणती, बोल्ट मारणार की नाही, हे स्पष्ट लिहा. जागा नेमकी कोणाच्या ताब्यात आहे ते तिथल्या वनरक्षकाला तोंडपाठ असतं. सुळका एखाद्या संरक्षित किल्ल्याचा भाग असेल तर 1958 चा प्राचीन स्मारकांचा कायदा लागतो आणि तिथे कातळाला भोक पाडणं हा गुन्हा ठरू शकतो. पावसाळ्यात जिल्हाधिकारी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 163 खाली (पूर्वीचं 144) मनाई आदेश काढतात, तेही बघा.

हे सगळं तपासून "बंदी नाही" असं निघालं, तरी एवढंच कळतं की दंड होणार नाही. चढावं की नाही, ते यातून कळत नाही. तुम्ही ज्या कांचनजंगाचा दाखला देता तिथेच बघा. 25 मे 1955 रोजी जो ब्राउन आणि जॉर्ज बँड नेपाळच्या बाजूने वर पोहोचले. मोहीम नेपाळच्या परवानगीने आलेली होती, आडकाठी करणारं कोणी नव्हतं. समोर साधारण वीस फुटांवर आणि त्यांच्यापेक्षा पाच फूट उंच माथा होता, वाट सोपी होती. ते तिथेच थांबले, कारण त्यांच्या नेत्याने, चार्ल्स इव्हान्सने, चढाईआधीच सिक्कीमच्या चोग्यालांना, म्हणजे तिथल्या राजांना, माथा न तुडवण्याचा शब्द दिला होता; सिक्कीममध्ये हा पर्वत पवित्र मानतात. दुसऱ्या दिवशी टोनी स्ट्रेदर आणि नॉर्मन हार्डी आले, तेही तिथेच थांबले. कायद्याने त्यांना थांबवलेलं नव्हतं, दिलेल्या शब्दाने थांबवलं होतं.

ऑस्ट्रेलियातल्या उलुरूची गोष्ट तुमच्या प्रश्नाच्या आणखी जवळची आहे. ती शिळा 1985 मध्ये तिच्या मूळ राखणदारांना, अनंगू लोकांना, परत मिळाली, पण पर्यटकांसाठी चढण चालूच ठेवावी लागली. मग त्यांनी पायथ्याला विनंती लिहिली की कृपया चढू नका. अनेक वर्षं ही विनंतीच होती, बंदी नव्हती, आणि लाखो लोक ती वाचून, बाजूने जाऊन, साखळी धरून चढत राहिले. अखेर 26 ऑक्टोबर 2019 ला चढण कायमची बंद झाली. बंद होणार म्हटल्यावर शेवटच्या महिन्यांत तर रांगा लागल्या. अनंगूंनी या विनंतीची दोन कारणं दिली होती. एक, ती वाट त्यांच्या पूर्वजकथेतल्या पुरुषांनी वापरलेली वाट आहे. दुसरं कारण गिर्यारोहकांनी दहा वेळा वाचावं असं आहे. त्या चढणीवर पस्तीसहून अधिक माणसं मेली, आणि आपल्या भूमीवर आलेला पाहुणा मेला की त्याचं ओझं अनंगू स्वतःवर घेतात.

आता तुमच्या बाबांकडे परत या. "वर कोणी जात नाही" या चार शब्दांत देव तर आहेच, पण नंतर निस्तरावं कोणाला लागतं तेही आहे. तुमच्यापैकी कोणी अंधारात लटकून राहिला तर बॅटऱ्या घेऊन आधी वाडीतली पोरं चढतील. चादरीची झोळी करून तेच खाली आणतील. पोलीस पंचनाम्याला त्यांनाच बसवतील, साक्षीला तालुक्याला त्यांनाच बोलावतील. त्या वर्षी पाऊस लांबला किंवा गुरं दगावली तर देवाचा मान मोडल्याचा ठपका ठेवून राखण (राखणदार देवाला द्यायचा मान) द्यायचा खर्चही वाडीनेच करायचा. तुम्ही त्याच रात्री ऐरोलीला जेवायला घरी असाल. म्हणून नकार द्यायचा हक्क त्यांचा आहे. देव खरा की खोटा हा वाद तुमच्या गटात घालू नका, त्याने प्रश्न सुटत नाही.

आणखी एक, त्यांच्या श्रद्धेला "खरं तर यामागे शास्त्र आहे" असा शहाणपणाचा मुलामाही देऊ नका. सुळक्यावर शाहीन ससाण्याचं घरटं असेल, कपारीत गिधाडं बसत असतील, तर ते तुम्ही स्वतंत्रपणे पाहायचं आहे. कपारीखाली पांढऱ्या विष्ठेचे ओघळ दिसले आणि पक्षी ओरडत घिरट्या घालू लागला, तर वाडीने हो म्हटलं असलं तरी डिसेंबर ते मे तिथे चढू नये. पण वाडीच्या नकाराला पक्ष्यांच्या दाखल्याची गरज नाही.

उजाडायच्या आत चढण्याचा बेत तर आजच रद्द करा. ज्याला लपून जावंसं वाटतं त्याला उत्तर आधीच माहीत आहे, असं आम्ही मानतो. शिवाय हा बेत धोक्याचाही आहे. सह्याद्रीच्या कड्यांवर ऑक्टोबरपासून पावसापर्यंत आग्यामोहोळं असतात. आग्या माश्या अंधारात हेडलॅम्पच्या उजेडाकडे झेपावतात, आणि लीड करणारा, म्हणजे सर्वात पुढे चढणारा, दोरावर अडकलेला असताना पळायला जागा नसते. दिवसा पाहणी केली असती तर दिसलं असतं असं पोळं अंधारात हाताला लागतं तेव्हाच कळतं. तुम्ही तिथे आहात हे वाडीत कोणाला माहीत नसल्याने मदतही येत नाही. त्या रात्री काही वाईट झालं नाही तरी आठवडाभरात तुमच्यापैकी कोणाचा तरी व्हिडिओ वाडीतल्या पोराच्या मोबाइलवर पोहोचेल. त्यानंतर तिथे जाणाऱ्या प्रत्येक गटाकडे वाडी संशयाने बघेल.

तिसरं मत, पाच फूट खाली थांबण्याचं, मनाने चांगलं आहे. पण ते तुम्ही स्वतःच ठरवून घेतलेली सूट होता कामा नये. 1955 ची तडजोड खरी ठरली कारण ती आधी झाली, ज्यांचा देव होता त्यांच्याशी झाली, आणि सगळ्यांनी पाळली. तुमच्या बाबांनी "माथ्यावर जाऊ नका" म्हटलं की "सुळक्याला हात लावू नका" म्हटलं, हे तुम्हाला अजून माहीतच नाही. कदाचित त्यांच्या लेखी अख्खा सुळकाच देव असेल. मग पाच फुटांचा हिशोब कोणासाठी?

समजा वाडीने माथा सोडून बाकी सुळका मोकळा दिला. तरी तांत्रिक अडचण उरते आणि ती बहुतेक जण विसरतात. आपल्या सुळक्यांचा शेवटचा टप्पा चढायला सोपा पण फार सैल असतो. गवत, माती, मुरूम, हाताने हलणारे दगड. नट किंवा फ्रेंड (भेगेत अडकवून दोराला आधार देणारी साधनं) बसेल अशी भेग क्वचितच मिळते. म्हणून सगळे थेट माथ्यावर जातात आणि तिथल्या घट्ट कातळात अँकर करून, म्हणजे दोर पक्का अडकवून, उतरतात. माथा वर्ज्य असेल तर उतरायचं स्टेशन खाली, घट्ट कातळ जिथे संपतो तिथे करावं लागेल, आणि ते पाच नव्हे, पंधरा-वीस फूट खालीही असू शकतं. तिथे नैसर्गिक शिंग किंवा पक्का धोंडा मिळाला तर स्लिंग (मजबूत पट्टा) गुंडाळून काम होतं. नाही मिळाला तर किमान 10 मिलिमीटरचे दोन स्टेनलेस बोल्ट, एकमेकांपासून वीतभर अंतरावर, सात-आठ सेंटिमीटर खोल. ती भोकं कायमची राहतात. देवाच्या डोक्यावर पाय ठेवला नाही पण गळ्यात खिळा ठोकला, असं व्हायला नको. म्हणून बोल्टचा प्रश्न वाडीला वेगळा विचारा. बोल्ट खिशातून काढून त्यांच्या हातात द्या, भोक केवढं पडेल ते बोटाने दाखवा. नुसतं "थोडंसं ड्रिलिंग" म्हटल्याने कोणाला काही कळत नाही.

(दोराचं गणितही करून ठेवा. 200 फूट म्हणजे 61 मीटर. 60 मीटरचे दोन दोर जोडले तरी एका रॅपलमध्ये, म्हणजे दोरावरून एका दमात उतरताना, जमीन लागेलच असं नाही. दोन्ही टोकांना गाठ मारल्याशिवाय कोणी खाली सुटू नये, आणि अंदाजाच्या उंचीवर विसंबू नये.)

गंजलेल्या मेखेमुळे काही सिद्ध होत नाही. कोणीतरी निम्म्यापर्यंत गेलं, एवढंच ती सांगते. विचारून गेलं की लपून, पुढे चढलं की तिथूनच परतलं, हे ती सांगत नाही. वाडीत त्याविषयी विचारा. बाबांना ती माणसं आठवत असतील तर पुष्कळ कळेल. आणि कोणत्याही परिस्थितीत त्या मेखेवर वजन टाकू नका. दर पावसाळ्यात भेगेत पाणी जातं, लोखंड गंजून फुगतं, भेग रुंदावते, आणि बाहेरून घट्ट दिसणारी मेख झटक्यात सुटते.

आता विचारायचं कसं. "आम्ही चढू का?" हा पहिला प्रश्न असू नये. पाहुण्याच्या तोंडावर नाही म्हणायला आपल्या गावांत माणसं कचरतात. "जा की, बघा तुमचं तुम्ही" म्हणतात आणि तुम्ही ते हो समजता. आधी बसा, पाणी घ्या, आणि देवाविषयी विचारा. देवाचं नाव काय, ठाणं कुठून कुठपर्यंत, मान कोणाचा, वर्षातून कधी पुजतात, वाघबारशीला काय करतात, वर आजवर कोण गेलं होतं. यातून कळेल की मनाई कशाची आहे. अख्खा डोंगर वर्ज्य असू शकतो, नुसता माथा असू शकतो, काही दिवसच असू शकतात, किंवा चपला घालून जाणं तेवढं चालत नसेल. कधी असंही निघतं की मनाई देवाची नाहीच, मागच्या एका गटाने पायथ्याला बाटल्या फोडल्या म्हणून आहे. प्रत्येकाचं उत्तर वेगळं आहे.

एकाच घरात विचारून परतू नका. बाबा, वाडीचा भगत, पोलीस पाटील आणि किमान दोन घरांतल्या बायका यांच्याशी वेगवेगळं बोला. पायथ्याशी लाकूडफाट्याला, पाण्याला रोज बायका जातात, तरी त्यांना कोणी विचारत नाही. मतं जुळत नसतील तर सर्वात कडक नकार धरायचा. ज्याला चालतं त्याचं चढाई न झाल्याने काही जात नाही. ज्याला चालत नाही त्याचं मात्र चढाईने जातं.

त्या तरुणाचे दोन हजार देऊ नका. तो वाईट मुलगा आहे असं आम्ही म्हणत नाही. वाडीत रोजगार नाही आणि सुळका आहे, त्याने तेवढंच पाहिलं. पण एकाच्या हातात पैसे पडले की उद्या बाबा आणि तो यांच्यात भांडण लागतं आणि त्याचं निमित्त तुम्ही असता. चढाई ठरलीच तर त्याला वाटाड्या म्हणून दिवसाची मजुरी सर्वांसमोर द्या. परवानगी विकत घेऊ नका, ती विकायचा अधिकार त्या एकट्याचा नाही.

मुलींना खाली ठेवण्याच्या अटीवर आमचं मत ठाम आहे. सगळ्यांना मनाई असेल तर ती पाळा. फक्त मुलींना असेल तर सातच्या सात खाली थांबा. पाचजण वर आणि दोघी बॅगा सांभाळत खाली, असा फोटो तुमच्या गटाने काढू नये. केरळमधल्या अगस्त्यकूडम या 1868 मीटरच्या शिखरावर स्त्रियांना ट्रेकची परवानगी नव्हती. 2018 मध्ये उच्च न्यायालयाने ती वाट खुली केली आणि जानेवारी 2019 मध्ये धन्या सनल वर गेल्या. तिथल्या कानी आदिवासींना ते मान्य नव्हतं, पण त्यांनी प्रार्थना करत निषेध नोंदवला, वाट अडवली नाही. तिथे मनाई वनखात्याच्या ट्रेकवर होती, ती सरकारी वाट होती, म्हणून न्यायालयात जाणं योग्यच होतं. तुमच्या वाडीच्या सुळक्यावर मात्र शहरातून एका दिवसासाठी आलेल्या गटाने सुधारणेचं निशाण रोवू नये. आधी ती अट त्या तरुणाची आहे की वाडीची, एवढं बघा. गटातली मुलगी स्वतः बायकांशी बोलेल तेव्हा बहुधा वेगळंच ऐकू येईल.

वाडीने मोकळ्या मनाने हो म्हटलं तर सातजण नको, चारच चढा, दोन-दोनच्या जोड्या करून. ठाण्यापाशी चपला काढा. नारळ फोडायचा की नाही ते वाडीला ठरवू द्या. ड्रोन नको, त्याच्या आवाजाने माश्या आणि पक्षी दोन्ही बिथरतात. चॉक (हाताची पकड घट्ट राहावी म्हणून लावायची पांढरी पूड) बेताने वापरा, उतरताना ब्रशने पुसा, लावलेली प्रत्येक स्लिंग परत आणा. माथ्यावर झेंडा, नावं, रंग काही नको. भगवा आणि शिवरायांची गर्जना गडावर शोभते, तिथे तिचा मान आहे. दुसऱ्याच्या देवाच्या ठाण्यावर ती केली तर ताबा घेतल्यासारखी वाटते. व्हिडिओ टाकायचा असेल तर आधी वाडीत दाखवा, आणि जागेचं नाव, नकाशा, वाटेचा तपशील देऊ नका.

नाही म्हटलं तर सह्याद्रीत सुळक्यांची वाण नाही. जीवधनजवळची वानरलिंगी आहे, ढाकशेजारचा कळकराय आहे, तैलबैलाच्या भिंती आहेत. तिथे वर्षानुवर्षं चढाई होते. ढाक आणि तैलबैलाला देवस्थानं आहेत, तेव्हा तिथेही विचारपूस करूनच जा. आणि त्या सुळक्याला बाबांसोबत पायथ्याने एक फेरी मारायला मिळाली तर जरूर मारा. कैलास 6638 मीटर उंच आहे, त्याच्यावर आजवर कोणी चढलेलं नाही. प्रसिद्ध गिर्यारोहक राइनहोल्ड मेस्नरला चीनकडून संधी मिळाली होती, त्याने नाकारली. लोक 52 किलोमीटरची परिक्रमा करून परततात आणि त्यांची यात्रा अपुरी राहिली असं कोणी म्हणत नाही.

कांचनजंगाविषयी : माथ्याच्या अलीकडे थांबण्याची रीत खरी आहे. 1977 मध्ये कर्नल नरेंद्र कुमार यांच्या नेतृत्वाखालचं भारतीय सैन्याचं पथक सिक्कीमच्या बाजूने चढलं, तेही माथ्याखाली थांबलं. आज सगळे पाळतात असं नाही. सिक्कीमने 2001 पासून आपल्या बाजूने चढाई बंद ठेवली आहे, नेपाळ परवाने देतो. 2025 मध्ये एका भारतीय पथकाने नेपाळकडून चढाई केली तेव्हा सिक्कीमच्या मुख्यमंत्र्यांनी केंद्राकडे आक्षेप नोंदवला. तेव्हा नेपाळचा परवाना हातात आला की सिक्कीमची भावना मिटली असं धरू नका. जायचं ठरवाल तेव्हा माथ्याखाली थांबायचं हे काठमांडूत, एजन्सी आणि शेर्पांसमोर, लेखी ठरवून घ्या. 8500 मीटरवर थकलेल्या डोक्याने हा निर्णय होत नाही. तिथून पाच फूट कोणालाच जास्त वाटत नाहीत.

राहिला एकच प्रश्न, जो तुम्ही विचारलेला नाही पण सातजणांत तो येणारच. वाडीने नाही म्हटलं आणि दोघं तरी जायचंच म्हणाली तर? गटाचा दोर, बोल्ट आणि ड्रिल त्यांना देऊ नका, बिले करायला, म्हणजे खालून त्यांचा दोर सांभाळायला, कोणी जाऊ नका, आणि हे रविवारी निघण्याआधीच सातजणांत बोलून घ्या. वाडीतून परत आल्यावर ठरवायला बसलात तर तोवर सुळका जवळून पाहिलेला असेल आणि वाद वाढेल.